मी बबन धोंडू ओव्हाळ बोलतोय

यंदाही आबांचा आवाज फिरायला लागला. आबा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन दोन पावसाळे झाले, पण मावळातली खाचरं चिखलली, भाताच्या रोपांची आवणी, म्हणजे लावणी, सुरू झाली, की कुणाच्या तरी फोनमधून ते पुन्हा बोलायला लागतात. तो आवाज पवनेच्या काठाकाठानं एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये जातो, सोयऱ्याधायऱ्यांकडे पोचतो, आणि असाच फिरत फिरत एखाद्या दुपारी माझ्याच टेबलावर येऊन पडतो. कारण फिरणारे संदेश खरे की खोटे ते लोकांना सांगणं, हेच माझं पोटापाण्याचं काम आहे.

"मी बबन धोंडू ओव्हाळ बोलतोय. पुलापशी उबा हाय, बगतोय म्हून सांगतोय. पानी पुलाच्या खालच्या दगडाला लागलंय. धरनातनं आनखी सोडनार हायेत. नदीतल्या मोटारी काढून घ्या. जनावरं वर बांधा. पुलावर कुनी जाऊ नका. बगायलाबी जाऊ नका."

मग एक खोकला. आणि अगदी शेवटी, हळूच, माझ्या आईचा आवाज: "झालं का बोलून?" तिथं ते तुटतं.

पण यंदा पवनेला पूर नाही. यंदा पावसानं ओढ दिलीय. धरण अर्धंच आहे, आणि आवणी चाललीय ती नदीत टाकलेल्या मोटारींच्या पाण्यावर. अशा वेळी खालच्या अंगाच्या गावांनी आबांचं ऐकून मोटारी काढल्या. खाचरांतला चिखल वाळायला लागला, उपटलेल्या रोपांच्या मुठी बांधावर पडून राहिल्या. सकाळी आमच्या गावचे शिवराम भाऊ फोनवर म्हणाले, "सुजाता, बबनराव परत बोलायला लागलाय गं. आमास्नी म्हाईत हाय की तो गेला. खालच्या गावांस्नी काय ठावं? काय ते सांगून टाक. पन त्याला खोटा पाडू नगंस."

दुपारी साहेब आले. यंदाच बदलून आलेले, वयानं लहान, कामाला चोख. म्हणाले, "ओव्हाळ मॅडम, पवनानगरच्या बाजूला एक क्लिप फिरतेय. नेहमीचा शिक्का मारून टाकून द्या." आमच्या आपत्ती कक्षात नेहमीचा शिक्का म्हणजे लाल, तिरका, मोठ्या अक्षरांत: खोटे. संदेशाचं चित्र घ्यायचं, त्यावर तो उमटवायचा आणि कक्षाच्या समाजमाध्यमावरच्या पानावर लावायचा. असे कितीतरी शिक्के मी मारलेत, कधी काही वाटलं नाही. आज शिक्का पडद्यावर आणला आणि त्याखाली नाव टंकायला घेतलं: बबन धोंडू ओव्हाळ. हात तिथंच थांबला. हे नाव त्या आवाजात कसं आलं, ते मला माहीत आहे.

तो आवाज झाला तो पावसाळा आठवला की आधी वास येतात. लोणावळ्यातल्या आमच्या कक्षाच्या तळमजल्यावरच्या खोलीत रेनकोट कधी वाळतच नसत. त्यांचा एक कुबट वास, भिंतीला आलेल्या बुरशीचा एक, आणि शेजारच्या दुकानात चिक्कीचा गूळ कढत असायचा त्याचा एक. खिडकीबाहेर धुकं इतकं की समोरचा रस्ता फक्त ऐकू यायचा. मी तेव्हा पवनानगरच्या अलीकडे, आमच्या गावातच राहायचे. सकाळी जीपनं कामशेत, तिथून गाडीनं लोणावळा. जीपमध्ये सगळ्यांच्या मांडीवर कुणाची तरी पिशवी आणि पायाशी कुणाच्या तरी घमेल्यातले खेकडे.

कक्षाचं पान नवंनवंच सुरू झालं होतं. पूर्वी धरणातून पाणी सोडायचं तर भोंगा व्हायचा, ग्रामपंचायतीला फोन जायचा. आता म्हणे सगळं लोकांच्या हातातल्या फोनवर थेट. ते काम माझ्याकडे आलं, कारण मला मराठी टंकता येत होतं. पात्रता एवढीच.

पहिली फजिती भुशीनं केली. धरण भरून पायऱ्यांवरून पाणी धो धो वाहत होतं. आम्ही मोठ्या उत्साहानं त्याचं चित्रण केलं, खाली लिहिलं, "भुशी धरण ओसंडून वाहत असल्याने पर्यटकांनी जाणे टाळावे." चित्रण झालं होतं फार देखणं. पांढरं शुभ्र पाणी, वर उतरलेले ढग, मागं हिरवागार डोंगर. लोकांनी खालचं वाक्य कापलं आणि वरचं पाणी साऱ्या जगाला पाठवलं. रविवारी गाड्यांची रांग बाजारापर्यंत आली. पोलिसांचे घसे बसले, आणि कणसं भाजणारी मावशी मला म्हणाली, "म्याडम, पुढल्या आयतवारीबी टाका असंच कायतरी." आम्ही लोकांना सावध करायला गेलो आणि आवतण देऊन बसलो. तेव्हापासून एक शिकलो. धोक्याचं सांगायचं असेल तर पाणी दाखवायचं नाही. बंद केलेला रस्ता दाखवायचा, आणि त्याच्यापुढं उभा असलेला भिजलेला, वैतागलेला पोलीस. त्याला बघून कुणाला सहलीला यावंसं वाटत नाही.

दुसरी गंमत भाषेची. वरून मजकूर यायचा, मी जसाच्या तसा टाकायचे: "विसर्गात टप्प्याटप्प्याने वाढ करण्यात येत असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. आदेशानुसार." शिवराम भाऊंनी एकदा जीपच्या थांब्यावर गाठलं. भाऊ गावातले मोठे शेतकरी, नदीला लागून जमीन, बोलायला तोंडाळ पण मनानं वाईट नाहीत. म्हणाले, "ते विसर्ग का फिसर्ग ऱ्हाऊ दे. माजी मोटार बुडंल का न्हाई, एवढं सांग." मला सांगता आलं नाही. कारण ते त्या मजकुरात कुठंच नव्हतं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. आबा संध्याकाळी चावडीकडं गेले होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून तो त्यांचा रिवाज होता. घाटात गँगमन म्हणून जन्म काढलेला माणूस, पावसात घरात बसवत नसे. चारचौघांत शिवराम भाऊ हसत म्हणाले, "बबन, तुज्या बानं दवंडी सोडली, पन ती काय तुमचं घर सोडत न्हाई बग. आता पोरगी देती फोनवरनं." सगळे हसले. भाऊंनी चेष्टाच केली होती. पण आबा घरी आले ते जेवले नाहीत. आईनं ताट वाढलं, ते तसंच झाकून ठेवलं.

आमच्या गावाला वाटतं ती गोष्ट जुनी झाली. आमच्या घरात ती जुनी झालेली नाही. माझे आजोबा, धोंडू, गावचे तराळ होते. हातात काठी घेऊन गल्लीबोळातून ओरडत जायचं, पाटलाचा निरोप सांगायचा, बदल्यात दारोदारची भाकर. धर्मांतर झालं त्या वर्षी आजोबांनी ती काठी चुलीत घातली. आबा तेव्हा लहान होते. ते सांगायचे की त्या दिवशी आजीनं त्याच जाळावर भाकरी भाजल्या, आणि तशी भाकरी पुन्हा कधी लागली नाही. गावानं पुढं बरेच दिवस आमच्याशी बोलणं टाकलं होतं. आजोबा रोजंदारीला लांब जात, पण काठी पुन्हा हातात घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी आबांनी मला समोर बसवलं. "तुजा निरोप दाव." मी फोनवर वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, "ह्यात तुजं नाव कुटं हाय?"

"माझं नाव कशाला, आबा? कार्यालयाचा निरोप आहे."

"मग शिवराम खोटं न्हाई बोलला. दवंडीच ही. माज्या बाला कुनी धोंडू म्हनलं न्हाई कंदी. तराळ आला म्हनायचे. हुकूम पाटलाचा, घसा आमचा. नाव कुनाचंच न्हाई." मग म्हणाले, "तू यासाठी शिकलीस व्हय?"

मी खूप काही बोलले. पगार आहे, ओळखपत्र आहे, लोकांचा जीव वाचतो. सगळं खरं होतं. आबा ऐकत होते आणि दाराबाहेर बघत होते. बाहेर आई पानांचं इरलं पांघरून रोपं उपटायला निघाली होती. हल्ली सगळ्या बायका प्लास्टिकचा कागद घेतात. आईला त्यात घाम येतो, म्हणून ती जुनं इरलंच घ्यायची. ती गेली आणि आबाही उठून गेले. आमच्यात त्या विषयावर पडदा पडला. मी घरी नोकरीबद्दल बोलायचं सोडून दिलं, आणि ते मला फार लागलं. कारण माझ्या नोकरीचं कौतुक एरवी गावभर तेच सांगत हिंडायचे.

मग तो दिवस आला. पाऊस नुसता ओतत होता. धरणातून पाणी वाढवायचं ठरलं. आमचा निरोप जायच्या आधीच दुसराच एक संदेश सुटला: धरण फुटलं. सोबत कुठल्या तरी भलत्याच प्रदेशातल्या पुराचं चित्रण. कक्षातले फोन एकदम वाजायला लागले. कुणी पोरं घेऊन डोंगराकडं पळत होतं, कुणी उलट पुलावर बघायला निघालं होतं. आम्ही लाल शिक्का मारला, खुलासा टाकला, "नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये." त्याखाली एकानं लिहिलं, हे तुम्ही कोण सांगणार, लोणावळ्यात बसून? मला राग आला नाही. त्याचं बरोबरच होतं. त्याला माझं नाव माहीत नव्हतं, आणि मला त्याचा पूल दिसत नव्हता.

मी घरी फोन लावला. आईनं उचलला आणि आबांना दिला. म्हटलं, "आबा, लोक कागदाची भाषा ऐकत नाहीत. गावातल्या कुणीतरी पुलापाशी उभं राहून, दिसतंय ते सांगायला हवं. तुम्ही बोलाल का?"

मला वाटलं, फोन ठेवतील. त्यांनी ठेवला असता तरी मी काही म्हणू शकले नसते.

"नाव घालीन मी," ते म्हणाले. "माजं. आन बाचंबी."

"घाला की."

"आन आदेशानुसार म्हननार न्हाई. मी बगतोय म्हून सांगतोय, असं म्हनीन."

ते पुलाकडं गेले. आई मागनं छत्री घेऊन गेली. आबांच्या बोटांना रेल्वेतल्या हातोड्यानं घट्टे पडलेले, फोनचं बटण काही त्यांच्यानं नीट दाबून धरवेना. ते आईनं धरलं. असा तो आवाज झाला. आम्ही तो होता तसा, खोकल्यासकट, कक्षाच्या पानावर टाकला.

त्या दुपारी नदीकाठच्या गावांनी मोटारी काढल्या. पळणारी माणसं थांबली, पुलावर निघालेली परत फिरली. संध्याकाळच्या आत पूल पाण्याखाली गेला आणि त्यावर कुणी नव्हतं. हे मी आज सहज लिहिते, पण तेव्हा खुर्चीत बसून रडले होते. शिवराम भाऊंचा फोन आला, "मोटार वाचली गं. बबन म्हनला म्हून काढली. तुमच्या हापिसाचं वाचलंबी न्हाई."

मग तो सगळा पावसाळा आबा बोलत राहिले. रोज सकाळी चहा झाला की छत्री घेऊन पुलाशी. आई सोबत, बटण दाबायला. आवाज पाठवायच्या आधी स्वतः दोनदा ऐकायचे, खोकला आला असेल तर पुन्हा बोलायचे. पाऊस कमी असेल त्या दिवशी सांगायचे, "आज भ्यायासारखं काय न्हाई, आवनी करा." मला ते वाक्य फार आवडायचं. आम्ही कार्यालयवाले धोका आहे तेवढं सांगतो, धोका नाही हे सांगायला विसरतो. आबा म्हणायचे, घाटात धुक्यात सिग्नल दिसत न्हाई म्हून आमी रुळावर फटाके लावायचो. ड्रायव्हर आवाज ऐकून जपून गाडी हाकायचा. पन धुकं सरल्यावरबी फटाके लावत बसलास तर तो कंदी जपंल?

चावडीवर आता त्यांना जागा करून देत. "बबनराव, आज काय म्हनतिया नदी?" असं शिवराम भाऊच पहिल्यांदा म्हणाले. नुसत्या बबनला राव लागला तो त्या पावसाळ्यात. दवंडीची चेष्टा पुन्हा कुणी केली नाही. आबा घरी येऊन आईला सांगत, आणि आई म्हणे, "राव लागला म्हून लाकडं फोडायचं सुटत न्हाई." ते हसत हसत कुऱ्हाड घ्यायचे. अशा संध्याकाळी आमच्या घरात चढणीच्या माशांचं कालवण, ओल्या लाकडांचा धूर आणि मधूनच त्या दोघांची कुरबुर. मला वाटायचं, हा ऋतू सरूच नये.

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नाही. आबा नाव सांगायचे, जागा सांगायचे. दिवस सांगत नसत. "पानी लागलंय" म्हणायचे, "आज" म्हणायचे. का सांगतील? ओरडून सांगितलेला शब्द एका वाडीतून निघतो आणि दुसऱ्या वाडीच्या बांधावर विरतो. कुठल्या दिवशीचा, हे विचारायला तो उद्यापर्यंत उरतच नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची ती सवय. फोनमधला आवाज मात्र विरत नाही. पुढच्या साली तो पहिला, खोकल्याचा आवाज पुन्हा फिरला तेव्हा आबा होते. त्यांनी लगेच दुसरा पाठवला: "मी बबन धोंडू ओव्हाळ बोलतोय. त्यो मी न्हाई. म्हंजी मीच हाय, पन गेल्या सालचा." गावभर हशा झाला आणि काम भागलं. आता तसं सांगायला ते नाहीत.

आणि आज मी टेबलाशी बसले होते, समोर लाल शिक्का घेऊन. संदेश थांबवायलाच हवा होता. बांधावर रोपं सुकत होती, आणि असंच चालू राहिलं तर खरा पूर येईल तेव्हा लोक म्हणतील, हे तर दरसालचंच. ते सगळं मला पटत होतं. पण ज्या माणसानं बापाचं नाव पहिल्यांदा चारचौघांत ऐकवलं, त्या नावावर त्याच्याच लेकीनं 'खोटे' लिहायचं, हे माझ्यानं होईना. मी शिक्का पुसला आणि माझ्या भाषेत लिहिलं.

"हा आवाज जुन्या पुराच्या वेळचा आहे. त्या दिवशी यातला शब्द न्‌ शब्द खरा होता. बोलणारे बबन धोंडू ओव्हाळ आता हयात नाहीत. आज पवना धरणातून पाणी सोडलेलं नाही. मोटारी परत टाका, आवणी करा. हा जुना आवाज पुढे पाठवू नका, फोनमधून काढून टाका. पाणी सोडायचं झालं तर मी स्वतः सांगेन. सुजाता बबन ओव्हाळ, आपत्ती कक्ष."

साहेबांनी वाचलं. "नाव घालायची आपली पद्धत नाही, मॅडम. कक्षातर्फे जाऊ दे."

"सर, तो आवाज माझ्या वडिलांचा आहे."

त्यांनी पडद्यावरचा संदेश पुन्हा वरून वाचला. मग म्हणाले, "तारीख घाला. मोठ्या अक्षरांत घाला." मी घातली, आणि संदेश गेला. थोड्या वेळानं शिवराम भाऊंचा फोन आला. खालच्या गावांनी मोटारी परत टाकल्या होत्या. शेवटी नुसतं "बरं केलंस" म्हणाले.

आबा गेल्यावर आई माझ्याकडं लोणावळ्यात आली. संध्याकाळी घरी पोचले तर ती ओट्यापाशी फोन घेऊन उभी होती. माझा संदेश तिलाही आला होता. ती अक्षरं लावत लावत वाचते. "काढून टाका लिवलंयस," ती म्हणाली. "मलाबी लागू हाय का ते?"

"नाही गं आई. तू ठेव."

तिनं बटण दाबलं. आबा पुलापाशी उभे राहिले, पाणी खालच्या दगडाला लागलं, मोटारी, जनावरं, मग खोकला. आणि तिचाच आवाज, "झालं का बोलून?" तिथं तुटलं. मी इतकी वर्षं ते ऐकलं, पण एक विचारायचं कधी सुचलंच नव्हतं.

"आई, पुढं काय म्हणाले गं आबा?"

तिनं फोन पदरानं पुसला. "म्हनले, पोरीला इचार, नाव नीट आलं का."

मी माझा फोन पिशवीतून काढला, पाठवलेला संदेश उघडला, आणि त्यातलं आबांचं नाव एकेक अक्षर करून पुन्हा वाचलं. नीट आलं होतं.